हाथीचक आणि करडई



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो संप, टाळेबंदी आणि कायद्याची कलमे यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त समजूत असते. विषय कळवताना मी 'दोन भाज्यांचा इतिहास' असे लिहिले, तेव्हा संयोजकांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. माझे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मालकांच्या टेबलासमोर. या दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहून ठेवलेला सापडतो, आणि ताटातल्या पदार्थाचा मात्र निवडून, पाखडून काढावा लागतो. तसा एक निवडायला आज बसलो आहे.

१९९७ सालची गोष्ट. आपल्या शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ साली आले. मी नुकताच संघटनेच्या कामाला लागलो होतो आणि हॉटेल कामगारांची प्रकरणे माझ्याकडे असत. अजिंठा-वेरूळ पाहायला येणारे परदेशी पाहुणे ज्या मोठ्या हॉटेलांत उतरत, त्यांपैकी एका हॉटेलातला (नाव सांगण्याचे कारण नाही) परभणीकडचा एक पोरगा एके दिवशी कचेरीत आला. भटारखान्यात भाज्या निवडण्या-चिरण्याचे काम त्याच्याकडे होते. मुंबईहून खोक्यातून आलेली एक महागडी विलायती भाजी त्याने नासली, म्हणून त्याच्या पगारातून मोठी रक्कम कापली होती. काय नासले, असे विचारले, तर तो म्हणाला, "भाऊ, ते करडीचं बोंड हाय. नाव कायबी सांगू द्या, मी करडीच्या रानात वाढलोय. मला वळखू येत न्हाई का? मी आतला कोंडा काढून फेकला आन् पाकळ्या ठिवल्या. तर म्हणत्यात, फेकायचं ते ठिवलं आन् ठिवायचं ते फेकलं."

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांना भेटलो. १९३६ चा वेतन प्रदान कायदा तेव्हा लागू होता. त्या कायद्याप्रमाणे नुकसानीपोटी कपात करायची झाली तरी आधी कामगाराला खुलाशाची संधी द्यावी लागे, आणि दंड म्हणून कापायचे झाले तर महिन्याच्या वेतनाच्या शेकडा तीनपेक्षा जास्त कापता येत नसे. खुलासा कोणी विचारलाच नव्हता. कापलेले पैसे परत मिळाले. तो भाग अर्ध्या तासात संपला. मी अडकलो तो नंतर, भटारखान्यात. तिथले मुख्य आचारी वयस्कर होते, मूळचे डेहराडूनकडचे. त्यांचे वडील फौजी मेसमध्ये खानसामा होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी उरलेल्या खोक्यातून एक नग काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साहब, यह हाथीचक है."

हिरवट, खवल्यांनी मढलेले, मुठीहून मोठे बोंड. प्रत्येक खवल्याच्या टोकाला बारीक काटा. मीही मराठवाड्याच्या काळ्या रानातला. पोराचे म्हणणे मला तत्क्षणी पटले. ते करडईचेच बोंड होते. कोणी तरी मन लावून फुगवलेले.

हे हाथीचक म्हणजे इंग्रजीतले आर्टिचोक. इंग्रज मडमांच्या बागांतून उत्तर हिंदुस्थानातल्या माळ्यांच्या आणि खानसाम्यांच्या तोंडी ते नाव गेले आणि तिथे त्याचा हाथीचक झाला. हत्तीशी त्याचा काहीएक संबंध नाही. १८६३ साली फर्मिंजर नावाच्या एका पाद्र्याने बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी बागकामाचे एक जाडजूड पुस्तक लिहिले. पुढे कित्येक वर्षे साहेबांच्या बंगल्यांतून ते प्रमाण मानले जाई, आणि त्यात या भाजीच्या लागवडीलाही जागा आहे. पण इंग्रजी नाव तरी इंग्रजांचे कुठे आहे? मूळ शब्द अरबी, अल-खर्शूफ. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये गेला, तिथून इटलीत आला, आणि इटलीतून वेडावाकडा होत इंग्लंडात पोचला. म्हणजे ज्याला आपण विलायती भाजी म्हणतो ती भूमध्य समुद्राकाठची, आणि तिचे नाव अरबांनी दिलेले.

उस्तादांनी त्या दिवशी मला ती भाजी घ्यायची कशी आणि रांधायची कशी ते दाखवले. हाताला जड लागेल ते बोंड चांगले. खवले एकमेकांना घट्ट मिटलेले हवेत, आणि दाबले तर करकर आवाज यायला हवा. खवले उमलू लागले असतील तर समजावे की बोंड फुलायच्या वाटेला लागले, आत चोथा झाला. वरचा चौथा हिस्सा सुरीने उडवायचा, खवल्यांची काटेरी टोके कात्रीने कापायची, आणि कापलेल्या जागी लगेच लिंबू चोळायचे. नाहीतर वांग्यासारखे काळे पडते. शिजवायला लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे घ्यायचे नाही, कारण त्यात रंग बिघडतो. मिठाच्या पाण्यात किंवा वाफेवर अर्धा-पाऊण तास ठेवायचे. बुडाजवळचा खवला ओढल्यावर सहज सुटून आला की झाले.

वाढण्याची रीत तर आणखी गमतीची. एका माणसापुढे एक अख्खे बोंड, बाजूला वितळवलेले लोणी. माणसाने एकेक खवला उपटायचा, त्याचे जाड टोक लोण्यात बुडवायचे, दातांत धरून त्यावरचा गर ओरपायचा आणि उरलेले पान बशीत टाकायचे. आपल्याकडे शेवग्याची शेंग खातात तसेच. असे करत करत माणूस मध्यापर्यंत पोचला की तिथे केसाळ कोंडा लागतो. तो खाल्ला तर घशात अडकतो, म्हणून चमच्याने खरवडून टाकायचा. त्याच्याखाली वाटीएवढा मऊ गाभा असतो, आणि एवढा सगळा खटाटोप त्या गाभ्यासाठी. परभणीच्या पोराने कोंड्याबरोबर हा गाभा फेकला होता. करडईच्या बोंडात कोंड्याखाली बी असते, खाण्याजोगा गाभा नसतो. तेव्हा त्याचे तर्कशास्त्र अगदी बिनचूक होते, फक्त झाड दुसरे होते. मी त्या दिवशी एक हाथीचक खाल्ले. चव कोवळ्या फणसाच्या आणि बटाट्याच्या मधली कुठली तरी, शेवटी किंचित कडसर. त्यावर पाणी प्यालो तर पाणी गोड लागले. आवळा खाऊन पाणी प्यावे तसे. तो त्या भाजीतल्या एका द्रव्याचा गुण आहे, असे पुढे वाचनात आले.

एवढ्या मोठ्या बोंडातले बहुतेक सगळे टाकायचे आणि थोडेसे खायचे, हा प्रकार मला कष्टकऱ्याच्या डोळ्याने विचित्र वाटला. तसा तो वाटणारा मी पहिला नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात तक्रार केली आहे, की ज्या काटेरी झाडाला चतुष्पाद जनावरेही तोंड लावत नाहीत, त्यावर आपले श्रीमंत लोक पैसा उधळतात, आणि लहानशा वाफ्यांतून हजारोंचे उत्पन्न निघते. प्लिनी काही गरिबांचा कैवारी नव्हता. पण भाजीच्या भावावर त्याचे लक्ष होते, एवढ्यावरून मला तो जवळचा वाटतो.

या भाजीच्या भावावरून आणखी मोठे रामायण घडले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियात कॅस्ट्रोव्हिल नावाचे एक गाव आहे. तिथे १९२२ पासून इटालियन स्थलांतरितांनी हाथीचकाची शेती वाढवली. न्यूयॉर्कमध्ये इटालियन कष्टकऱ्यांची वस्ती मोठी, आणि त्यांच्या घरी ही रोजच्या सणावाराची भाजी. हे हेरून सिरो टेरानोव्हा नावाच्या गुंडांच्या म्होरक्याने कॅलिफोर्नियातून येणारा सगळा माल दडपशाहीने आपल्या हाती घेतला आणि मनमानी भावाने विकायला सुरुवात केली. लोक त्याला हाथीचकाचा राजाच म्हणत. १९३५ च्या डिसेंबरात, २१ तारखेला, न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया पहाटे ब्राँक्सच्या भाजीबाजारात गेले, तुताऱ्या वाजवायला लावल्या, आणि शहरात हाथीचक विकण्यास, बाळगण्यास बंदी असल्याचे जाहीर केले. बंदी तीनच दिवस टिकली, पण तेवढ्यात मक्तेदारी मोडली आणि भाव खाली आले. महापौरांना स्वतःला ती भाजी फार आवडे, हेही बंदी लवकर उठण्याचे एक कारण सांगतात. आपल्याकडे कांद्याच्या भावावरून काय काय होते ते आपण पाहतो. तुताऱ्या मात्र अजून कोणी वाजवलेल्या नाहीत.

कॅस्ट्रोव्हिल ज्या सॅलिनास खोऱ्याच्या तोंडाशी आहे, त्या खोऱ्यातल्या शेतमजुरांचे नाव आमच्या चळवळीत वेगळ्या कारणाने घेतले जाते. १९७० साली सीझर चावेझ यांच्या संघटनेने तिथे मोठा संप केला. त्या देशातला शेतमजुरांचा तो सर्वांत मोठा संप मानतात. त्या मजुरांच्या गाऱ्हाण्यांत एक हत्यार होते: हातभर लांबीचा आखूड दांड्याचा कुदळा. लेट्यूसची आणि बीटची रोपे विरळ करायला मुकादम मुद्दाम हेच हत्यार देत. दांडा आखूड, म्हणून मजुराला दिवसभर कमरेत वाकावेच लागे. कोण वाकला आहे आणि कोण सरळ उभा आहे, हे मुकादमाला लांबूनच दिसे. कित्येकांच्या पाठी कायमच्या गेल्या. अखेर १९७५ साली कॅलिफोर्नियात त्या आखूड कुदळ्यावर बंदी आली. हे वाचले तेव्हा मला विरळणी हा शब्द आठवला, आणि त्याबरोबर माझी आई.

इथून मी करडईकडे वळतो. आजचा खरा विषय तीच.

वनस्पतिशास्त्र काय सांगते ते आधी पाहू. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांचे एक भले मोठे कुल आहे. त्या कुलात काटेरी बोंडांचा एक पोटवर्ग आहे. हाथीचक त्यातले, करडई त्यातली, आणि आपल्या पडीक रानात निळसर गोल काटेरी चेंडू धरणारा उंटकटाराही त्यातलाच. (पिवळा धोतरा काटेरी असला तरी या भाऊबंदकीत नाही.) म्हणजे उस्तादांच्या भटारखान्यात हसण्यावारी नेलेले त्या पोराचे विधान शास्त्रदृष्ट्या सोळा आणे नसले तरी चौदा आणे खरे होते. भेद इतकाच, की हाथीचकाचे बोंड खातात. करडईचे बोंड कोणी खात नाही. करडईची खातात ती कोवळी पाने, आणि तीही बोंड दिसण्याच्या फार आधी, रोप जमिनीसरशी चक्रासारखे पसरलेले असते तेव्हा.

करडईचे कूळ जुने आहे. इजिप्तमधल्या तूतनखामेनच्या थडग्यात तिच्या फुलांच्या माळा सापडल्या. आपल्याकडे तिचे संस्कृत नाव कुसुंभ. तिच्या पाकळ्यांपासून निघणारा तो कुसुंबी रंग. कालिदासाच्या ऋतुसंहारात वसंत ऋतूतल्या स्त्रियांची वस्त्रे याच रंगाची आहेत. हा रंग काढण्याची युक्ती ज्या रंगाऱ्याने प्रथम शोधली त्याला माझा नमस्कार आहे. पाकळीत पिवळा आणि तांबडा असे दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो, म्हणून पाकळ्या पाण्यात तुडवून तुडवून तो आधी घालवायचा. मग सज्जीखाराच्या पाण्यात तांबडा सोडवून घ्यायचा, आणि त्यात लिंबाचा रस पिळला की तो कापडावर बसतो. इतका नाजूक, की उन्हाने आणि साबणाने लवकर उडतो. विलायतेत सरकारी दप्तरे बांधण्याच्या फितीही याच रंगात रंगवीत, असे सांगतात. तेव्हा ज्या लाल फितीने आमच्या अर्जांचा जन्मभर गळा आवळला, तिच्यातही करडईचा अंश होता. १८५६ साली पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून कृत्रिम रंग बनवला, पाठोपाठ कारखान्यांतून तांबड्या रंगाचे पिंप निघू लागले, आणि काही दशकांत कुसुंब्याचा धंदा बसला. रंगारी देशोधडीला लागले. करडई मात्र राहिली, कारण तिच्या बियांत तेल होते.

आमच्या लहानपणी मराठवाड्यात तेल म्हणजे करडीचे तेल. ज्वारी हे मुख्य पीक. ज्वारीच्या काही ओळींमागे एक-दोन ओळी करडईच्या, आणि शेताच्या कडेने करडईचा पट्टा. हा पट्टा तेलही द्यायचा आणि कुंपणाचेही काम करायचा. काटे धरल्यावर जनावर त्यातून आत शिरत नसे. हस्ताचा पाऊस झाला की पेरणी. एकदा जमिनीत ओल असली की हिचे सोटमूळ खोल जाते आणि पुढे थेंब पडला नाही तरी पीक तग धरते. कोरडवाहू मुलखाला दुसरे काय हवे?

बी पेरताना दाटच पडते. दोन-तीन आठवड्यांनी दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून मधली रोपे उपटावी लागतात. हीच विरळणी. बायका ओळीने उकिडव्या बसून पुढे सरकत. आखूड कुदळ्याची गरज नव्हती, हातच कुदळा होता. उपटलेल्या रोपांचे काय करायचे? ती भाजी. ती शेतमालकाच्या हिशेबात नव्हती; संध्याकाळी प्रत्येक बाईच्या ओट्यात बांधून घरी जाई. मजुरी वेगळी आणि ही भाजी वेगळी. कागदावर नसलेला, तरीही कोणी न मोडणारा असा तो हक्क होता. कार्तिक-मार्गशीर्षातले पंधरा-वीस दिवस गावातल्या गरिबातल्या गरीब घरी ताजी हिरवी भाजी असे, आणि ती फुकट असे.

१९८३ च्या सुमारास, मी बारा-तेरा वर्षांचा असताना, आमच्या गावच्या एका बड्या शेतकऱ्याला कळले की शहरात ही भाजी पैशाने विकते. त्याने फर्मावले, की उपटलेली रोपे बांधावर गोळा करा, माझ्या गाडीतून मोंढ्याला जातील. बायका काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. माझी आई त्यांच्यात होती. घरात ज्वारी चार दिवसांची, आणि ही दारात बसून वाती वळते आहे. मी विचारले, "आता काय गं?" ती म्हणाली, "आता काई न्हाई. करडीला काटा धरू दे."

त्या वयात मला अर्थ लागला नाही. पुढे लागला. करडईची रोपे वेळेवर विरळली नाहीत तर दाटीने सगळेच पीक खुरटते. आणि आठ-दहा दिवस उशीर झाला की रोप उभे वाढू लागते, पानांच्या कडा टोचू लागतात, मग ती भाजी ना शहरात विकली जाते ना घरी खाववते. म्हणजे मालकाचे दोन्हीकडून नुकसान, आणि घड्याळ बायकांच्या बाजूचे. पाचव्या दिवशी त्याचा गडी बोलवायला आला. भाजी पूर्वीप्रमाणे ओट्यातून घरी गेली. मी नंतर पुष्कळ संप पाहिले, काही केले, त्यांतले निम्मे तरी चुकीच्या महिन्यात केले. इतकी अचूक वेळ साधलेला संप मी क्वचितच पाहिला.

आता ही भाजी घ्यायची कशी आणि करायची कशी तेही सांगतो. हाथीचकाचे सांगितले आणि हिचे न सांगितले, तर तो पंक्तिप्रपंच होईल. जुडी घेताना पान तळहाताच्या पाठीवर घासून पाहावे. मऊ लागले तर घ्यावे, खरखरले तर भाजीवालीशी वाद न घालता पुढे जावे. पान उलटून पाठ पाहावी. उशिराच्या पेऱ्यावर मावा पडतो, आणि चिकट पानाची भाजी कितीही धुतली तरी चांगली होत नाही. मुळे आणि जाड दांडे काढून पाने तीन पाण्यांनी धुवावीत, कारण काळी माती बुडाला धरून असते. बारीक चिरून मूठभर तुरीची डाळ, थोडे शेंगदाणे, ज्वारीच्या कण्या आणि हिरव्या मिरच्या घालून शिजत ठेवावी. शिजली की पळीने घोटावी. आमच्याकडे हिला गरगटे म्हणतात. वरून लसणाची फोडणी, आणि ती करडीच्याच तेलाची; पानाला स्वतःच्याच बियांचे तेल, असा योग फार थोड्या भाज्यांच्या नशिबी असतो. ज्यांना कोरडी आवडते त्यांनी चिरलेली पाने लसूण-मिरचीवर परतून त्यावर पीठ पेरावे. वाढताना गरम भाकरीच्या मधोमध खळगा करून त्यात वाढावी, बाजूला फोडलेला कांदा. चव किंचित तुरट-कडसर. हाथीचकाच्या गाभ्यातला तो शेवटचा कडसरपणा मला ओळखीचा वाटला होता, तो यामुळेच असेल.

भाजीचे सांगितले, पण पुढची चार महिन्यांची कहाणी राहिली. फाल्गुनाच्या आगेमागे पीक वाळते तेव्हा प्रत्येक पान आणि प्रत्येक बोंड म्हणजे सुयांचा पुडा होतो. काढणी पहाटे करायची. दवाने काटा थोडा नरम असतो. ऊन चढले की काम बंद. बायका-पुरुष हातापायांना गोणपाट आणि चिंध्या गुंडाळून रानात उतरत, तरी संध्याकाळी आईच्या बोटांतले काटे मी दिव्याच्या उजेडात सुईने काढलेले आहेत. कणसे खुडायला आणि करडई कापायला मजुरीचा दर वेगळा असावा, ही मागणी मी पुढे शेतमजुरांच्या सभांतून मांडली तेव्हा एका पुढाऱ्याने विचारले होते, काट्याचे वेगळे पैसे कसले? मी त्याला रानात यायचे निमंत्रण दिले. तो आला नाही.

याच करडीच्या तेलाची पुढे शहरी डॉक्टरांनी हृदयाला बरे म्हणून शिफारस केली, तेव्हा ते डब्यातून बाटलीत गेले. गंमत अशी, की ज्या दशकांत शहरातल्या श्रीमंतांना करडई कळली, त्याच सुमारास खेड्यातल्या गरिबाच्या रानातून ती निघून जायला लागली. १९८६ साली केंद्राने तेलबियांचे अभियान सुरू केले, काही वर्षे भाव बरे मिळाले, देशात करडईचे क्षेत्र लाखो हेक्टर होते आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा. मग १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुल्या परवान्यावर सोडली. स्वस्त परदेशी तेलापुढे गावोगावचे घाणे आणि लहान गिरण्या बसल्या. खरिपात सोयाबीन आले. ते यंत्राने काढता येते, त्याला काटे नाहीत. कपाशीने काही राने घेतली, पाणी असेल तिथे उसाने. अलीकडे सगळ्या देशातले करडईचे क्षेत्र एक लाख हेक्टरांच्याही खाली गेले. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. काटे सोसायला मजूर मिळेना आणि तेलाला भाव मिळेना, तेव्हा त्याने काय करायला हवे होते?

शास्त्रज्ञ स्वस्थ बसले होते असेही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९७२ च्या स्थापनेनंतर करडईचे चांगले चांगले वाण दिले. त्यांतल्या एकाचे नावच 'परभणी कुसुम'. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर बिनकाट्याची करडई तयार करून २००१ च्या सुमारास शेतकऱ्यांपुढे ठेवली. कापणाऱ्या हातांना ही केवढी सुटका! तिच्या पाकळ्याही सहज खुडता येतात; औषधी काढ्यासाठी त्या विकल्याही जातात. म्हणजे पर्किनच्या रंगाने बुडवलेला पाकळ्यांचा धंदा निराळ्या रूपाने परत आला म्हणायचा. पण मी काही जुन्या शेतकऱ्यांना विचारले, तर एकाने कपाळाला हात लावला. काटा गेला तर कुंपण गेले, रानडुकरे आत शिरतात, तो म्हणाला. दुसऱ्याची बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, "तुमाला कुंपण दिसतं. कापाया मी जाते."

विरळणी गेली तसा तो ओट्यातला हक्कही गेला. त्यासाठी कोणी भांडले नाही, कारण भांडायला समोर कोणी नव्हते, पीकच नव्हते. आज शहरात करडईची भाजी मिळते ती बहुतेक निराळ्या प्रकारची. भाजीसाठीच म्हणून वाफ्यात दाट पेरतात, पाणी देतात, आणि सगळीच्या सगळी कोवळी उपटून आणतात. त्या रोपांना बोंड कधी येतच नाही. जाधववाडीच्या बाजारात मेथी-पालकाच्या ढिगांत ती क्वचित दिसते. औरंगपुऱ्यात किंवा शहागंजात एखादी म्हातारी टोपलीत दहा-वीस जुड्या घेऊन बसलेली असते, आणि तिच्याभोवती मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली, आता वाळूजच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे घोटाळत असतात. ती भाव करत नाहीत. हाथीचक याच शहरातल्या हॉटेलांत अजूनही खोक्यातून येते आणि बशीत अख्खे वाढले जाते. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, खाल्ले, आवडले. परभणीचा तो पोरगा आता दुसऱ्या एका हॉटेलात मुख्य आचारी आहे. हाथीचकाचा गाभा डोळे मिटून काढतो. मार्गशीर्षात कधी तरी त्याचा निरोप येतो, आणि मग भटारखान्याच्या मागल्या दाराशी, कामगारांच्या जेवणाच्या वेळी, आम्ही दोघे गरगटे आणि भाकरी खातो. ते पाहुण्यांच्या यादीत नसते.

गेल्या मार्गशीर्षात शहागंजातल्या म्हातारीकडून मी दोन जुड्या घेतल्या. पान हातावर घासून पाहिले तेव्हा ती रागावली. म्हणाली, "घासून काय बघतो? आज मऊच हाय. पुढल्या आठवड्यात येऊ नको."